अण्णांची १८६ कात्रणं : घरच्या स्कॅनरचं एक प्रकरण

(माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

ठाण्यात चरईत राहणारे अण्णा निवृत्त शिक्षक. १९७६ ते १९८९ या काळात त्यांनी एका स्थानिक साप्ताहिकात सदर चालवलं. विषय सगळे ठाण्याचेच: तलावपाळी, जांभळी नाक्याचा बाजार, खाडीतली मासेमारी, घोडबंदरची तेव्हाची झाडी, लग्नातल्या पंगती. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं. लेख उरले ते अण्णांनी स्वतः जपलेल्या कात्रणांत.

मार्गशीर्षात अण्णांची पंचाहत्तरी होती. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात, आपण लेखांचं पुस्तक हातात ठेवू, असं त्यांच्या सुनेने, मनीषाने ठरवलं. ती बँकेत नोकरी करते. जूनमध्ये ती माझ्याकडे आली. मी वीस वर्षं मुद्रितशोधन केलंय आणि हल्ली ओळखीच्यांची जुनी कागदपत्रं संगणकावर आणून देते, म्हणून.

"ताई, सात हजारांत अक्षरं ओळखणारा चांगला स्कॅनर कुठला?" एवढाच तिचा प्रश्न. चहा संपायच्या आत मी एका मॉडेलचं नाव सांगून मोकळी झाले. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी. एकही कात्रण न बघता मी यंत्र सुचवलं होतं. नशीब, मनीषाने लगेच ऑर्डर टाकली नाही. रविवारी मी वह्या बघायला गेले.

अडचण

कपाटातून निघालं ते एका जातीचं नव्हतंच. १८६ कात्रणांपैकी ११८ चार जाडजूड चिकटवह्यांत, घरी शिजवलेल्या खळीने डकवलेली. खळ म्हणजे कसरीला मेजवानी. कडा कुरतडलेल्या, कागद चहाच्या रंगाचा, मधेच फुगवटे. उरलेली ६८ सुटी, एका फायलीत. त्याखाली अण्णांच्या व्याख्यानांची २२ पानं, मराठी टाइपरायटरवरची कार्बन कॉपी, तीही लांबड्या लीगल कागदावर. आणि तळाशी अण्णांच्या आजोबांची मोडीतली एक वही.

मनीषाच्या मनात "स्कॅन केलं की टाइप झालं" असं होतं. बहुतेकांच्या मनात असतं. स्कॅनर फक्त चित्र काढतो. त्या चित्रातून मजकूर काढायचं काम ओसीआर, म्हणजे अक्षरओळख, करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आणि ते मराठी जाणणारं हवं. स्कॅनरच्या खोक्यावर "टेक्स्ट रेकग्निशन" लिहिलेलं असतं तेव्हा ते कुठल्या भाषेचं, हे त्याच खोक्यावर सहसा नसतं. मनीषाच्या घरी लॉकडाऊनमध्ये घेतलेला प्रिंटर-स्कॅनर होता. त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये युरोपातल्या भाषांची लांब यादी होती. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती.

वेळ होता पाच महिने. पैशांची मर्यादा सात हजार. टायपिंगचा भाव आधीच काढून झाला होता: पानाला ५० रुपये. लेख सरासरी ५०० शब्दांचा धरला तर ९३ हजार शब्द, ३०० शब्दांचं पान धरून ३१० पानं, म्हणजे साडेपंधरा हजार. वर जुनी कात्रणं ऑपरेटरच्या हवाली करायची. त्याला अण्णांनी साफ नकार दिला. "वह्या घराबाहेर जाणार नाहीत," एवढंच म्हणाले आणि विषय संपला.

पर्याय

पाच गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. घरातलाच प्रिंटर-स्कॅनर वापरणं. मोबाइलने फोटो काढणं. नवा सपाट काचेचा स्कॅनर घेणं. कागद स्वतः ओढून घेणारा, फीडरवाला स्कॅनर घेणं. आणि वरून फोटो काढणारा, खास पुस्तकांसाठीचा स्कॅनर.

शेवटचा बजेटच्या कितीतरी बाहेर, त्यामुळे त्यावर बोललोच नाही. फीडरचा मोह मात्र मनीषाला होता, कारण त्यात लीगल कागदही जातो आणि ढीग ठेवला की काम आपोआप होतं. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्री कात्रण रोलरमधून घालणं म्हणजे पापड लाटणीखाली परत घालण्यासारखं. तो पर्याय मी हट्टाने काढायला लावला.

राहिले तीन. सपाट स्कॅनर म्हटलं की दुकानदार डीपीआयचे, म्हणजे एका इंचात किती ठिपके याचे, आकडे ऐकवतो. कॅननचा लाइड ३०० हा २४०० डीपीआयचा, एप्सनचा परफेक्शन व्ही३९ टू ४८०० चा. अक्षरं ओळखण्यासाठी या आकड्यांना काही अर्थ नाही. छापील मजकुराला ३०० डीपीआय पुरतात, अगदी बारीक टाइप असला तर ४०० ते ६००. ए४ पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. एवढे ठिपके आजचा साधा मोबाइलही टिपतो. मोबाइल मागे पडतो तो सारखा उजेड आणि सपाट कागद या दोन बाबतींत.

खरा प्रश्न दुसराच होता, आणि तो जाहिरातीत नसतो. हे दोन्ही स्कॅनर सीआयएस पद्धतीचे. पातळ, हलके, यूएसबीच्या वायरीवरच चालणारे. पण या पद्धतीत काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. कागद जरा उचलला गेला की अक्षरं धूसर. जुन्या, जाड सीसीडी स्कॅनरला थोडी खोली चालते. म्हणजे खळीने फुगलेल्या जाड वहीचा शिवणीकडचा भाग सीआयएसवर जाणारच. तसेच सगळे ए४ स्कॅनर: काच २९७ मिलिमीटर लांब, लीगल कागद ३५६ मिलिमीटर. साठेक मिलिमीटर बाहेर.

चाचणी

खरेदीआधी एकच कात्रण घेऊन सगळे मार्ग तपासायचे, असं ठरलं. निवडलं तलावपाळीवरचं, सुटं, बऱ्या स्थितीतलं. शिशाच्या खिळ्यांचा जुना छाप, दोन स्तंभ.

सॉफ्टवेअर फुकटचीच घेतली. नॅप्स-टू या स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन येतं आणि त्याची मराठी भाषा वेगळी उतरवून घेता येते. "फास्ट" आणि "बेस्ट" यांतलं "बेस्ट" निवडायचं. टेसरॅक्ट मूळ ह्यूलेट-पॅकार्डने १९८५ ते १९९४ या काळात बनवलं, २००५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते अक्षर सुटं न करता ओळच्या ओळ एकदम वाचतं. शिरोरेषेने बांधलेल्या आपल्या लिपीला हे मानवतं. दुसरा मार्ग गूगल ड्राइव्हचा: चित्र चढवायचं आणि "गूगल डॉक्समध्ये उघडा" म्हणायचं, खाली मजकूर येतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, असं गूगल स्वतःच सांगतं.

पहिल्याच निकालाने घरात हशा पिकला. "खाडी" ची "रवाडी" झाली होती. "धोबीआळी" ची "घोबीआळी". आणि "जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या" झाल्या होत्या "माजीवाल्या". अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "बरोबरच वाचतंय ते. आता माजीच झाल्यात त्या."

चूक कुठे होते हे बघितलं तर खिळ्यांच्या छपाईचा इतिहासच समोर येतो. ख चे दोन तुकडे शाई कमी पडल्याने सुटे दिसतात, म्हणून रव. भ ची गाठ झिजलेली, म्हणून म. ध च्या डोक्यावरची मोकळी जागा शाईने भरलेली, म्हणून घ. हे डोळ्यांना लगेच दिसतं, म्हणून मला त्यांची भीती नव्हती. भीती होती ऱ्या ची. लग्नाच्या पंगतीवरच्या लेखात "आचाऱ्याला" विडा दिल्याचं वाक्य आहे. ओसीआरने तो "आचार्याला" दिला. दोन्ही शब्द बरोबर, शुद्धलेखन तपासणारा काहीच बोलणार नाही, आणि स्वयंपाक्याचा विडा गुरुजींच्या तोंडात.

मग सेटिंग बदलत गेलो. काळा-पांढरा स्कॅन सगळ्यात वाईट: पिवळ्या कागदावरचा प्रत्येक डाग अनुस्वार होऊन बसला. करड्या छटांत, ३०० डीपीआयला निकाल एकदम सुधारला. ४०० ला आणखी थोडा. ६०० ला वेळ वाढला, फाइल फुगली, चुका तेवढ्याच. मागच्या बाजूची छपाई आरपार दिसत होती. कात्रणामागे काळा कार्डपेपर ठेवला तर ती जवळपास नाहीशी झाली. दहा रुपयांच्या त्या कागदाने जेवढा फरक पाडला तेवढा कुठल्याच सेटिंगने पाडला नाही. दोन स्तंभ एकत्र दिले की ओळी एकमेकांत घुसायच्या, म्हणून प्रत्येक स्तंभ वेगळा कापून दिला.

आमच्या कात्रणांवर गूगल डॉक्सच्या चुका टेसरॅक्टपेक्षा कमी आल्या. परिच्छेद मात्र ते मनाप्रमाणे जोडायचं. लेख आधीच छापून आलेले, तेव्हा बाहेर पाठवण्यात गोपनीयतेचा प्रश्न नव्हता. घरगुती पत्रं असती तर मी टेसरॅक्टच म्हटलं असतं, कारण त्यात काहीच घराबाहेर जात नाही.

या चाचणीने एक अवघड गोष्टही दाखवली. घरच्या प्रिंटरच्या काचेवर केलेला स्कॅन आणि मी नंतर माझ्या स्कॅनरवर केलेला स्कॅन, दोन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा होता. मग नवा घ्यायचा कशाला?

निर्णय

इथे आमच्यात मतभेद झाले. माझं म्हणणं, आहे त्यावर भागवा. मनीषाचं गाऱ्हाणं वेगळं होतं. त्या प्रिंटरची शाई संपली की तो स्कॅनही अडवून धरायचा, आणि शाई न वापरताही सुकायची. दर दोन महिन्यांनी कार्ट्रिज भरून फक्त स्कॅन करायचा, हा तिच्या बँकेतल्या हिशेबी डोक्याला पटेना. शिवाय सोसायटीची कागदपत्रं, मुलाचे दाखले, हेही पुढे होतंच.

शेवटी लाइड ३०० घेतला, गोखले रोडवरच्या दुकानातून, साडेपाच हजारांच्या थोडा वर. व्ही३९ चं झाकण पूर्ण निघतं, वहीसाठी ते सोयीचं झालं असतं. पण तो सात हजारांत बसेना, आणि वहीच्या शिवणीचा प्रश्न तिथेही सुटणार नव्हता.

त्यामुळे कामाची वाटणी झाली. सुटी ६८ कात्रणं स्कॅनरवर, काळा कागद लावून. चिकटवह्या मोबाइलने. बाराशे रुपयांत एक स्टँड आणि फ्रेमवाल्याकडून कडा घासून घेतलेली काच आणली. खिडकीजवळच्या टेबलावर वही, तिच्यावर काच, वर आडवा मोबाइल. ट्यूबलाइट आणि पंखा बंद. काचेत मोबाइलचंच प्रतिबिंब पडायचं, म्हणून स्टँडवर काळी ओढणी टाकली आणि तिच्या भोकातून कॅमेरा डोकावू दिला.

काम सुरू झाल्यावर

पहिली मोठी चूक दुसऱ्याच आठवड्यात झाली. एका वहीत कात्रणावर कात्रण चिकटवलेलं होतं. खालचं मिळावं म्हणून मनीषाच्या नवऱ्याने किटलीच्या वाफेवर वरचं सोडवायला घेतलं. जुलैचा महिना, कागद आधीच दमट. वरचं सुटलं, पण खालच्याच्या तीन ओळी त्याच्या पाठीला चिकटून आल्या आणि फाटल्या. त्यानंतर वाफ बंद. खाली काही असलं तर असू दे, असं ठरलं. नऊ कात्रणं अशी झाकलेलीच राहिली.

लीगल कागदाची २२ पानं वरचा भाग, खालचा भाग अशी दोनदा स्कॅन केली. मजकूरच हवा असल्याने चित्रं जोडायची गरज नव्हती. पण टाइपरायटरची अक्षरं, त्यात कार्बनचा फराटा. ओसीआरने हात टेकले. तेव्हा अण्णांनीच मार्ग काढला. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आहे. रोज दुपारी दोन पानं त्यांनी वर्गात वाचल्यासारखी खणखणीत वाचली. विरामचिन्हं नंतर घातली. म्हणजे ज्या कागदांसाठी फीडरवाला स्कॅनर हवा होता त्यांना अखेर स्कॅनरचा उपयोग झालाच नाही.

दुरुस्तीचा वेळ आम्ही कमी धरला होता. प्रत्यक्षात एका लेखाला वीस मिनिटं लागली, म्हणजे १७७ लेखांना ५९ तास. मनीषा रात्री तासभर बसायची. घाई व्हायला लागली तशी तिने नेहमीच्या चुका एकदम बदलायला घेतल्या, आणि एका फटक्यात सगळ्या फायलींतल्या "माजी" ची "भाजी" केली. दुसऱ्या वाचनात मला "भाजी नगराध्यक्ष" भेटले, मग "भाजी मुख्याध्यापक". एकूण अकरा जण. त्यानंतर नियम केला: "रव" पासून सुरू होणारे निरर्थक शब्द एकदम बदलायला हरकत नाही, पण ज्या चुकीचा शब्दही खरा आहे ती एकेक बघूनच बदलायची.

निर्णयाचा आणखी एक क्षण अण्णांमुळे आला. वाचता वाचता ते लेख सुधारायला लागले. "हे मी आज असं लिहिणार नाही," म्हणत त्यांनी एका लेखाचा शेवटच बदलला. मनीषाला त्यांना नाही म्हणवेना, तेव्हा वाईटपणा मी घेतला. छापून आलं तसंच छापायचं. सांगायचं असेल ते तळटिपेत. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलले. मग तळटिपा लिहून दिल्या, आणि त्या लेखांपेक्षा बऱ्या उतरल्या आहेत असं माझं मत.

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या मध्याला मजकूर तयार झाला. छापखान्यात नेला तर तिथे पेजमेकर, पानं लावायचा जुना प्रोग्रॅम. "युनिकोड आमच्याकडे चालत नाही, जुन्या फाँटमध्ये बदलून द्या," म्हणाले. ओसीआरमधून येतो तो मजकूर युनिकोडच असतो, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतला. कन्व्हर्टरमधून काढून बघितला तर निस्तरलेला प्रत्येक ऱ्या पुन्हा बिघडला, जोडाक्षरं उलटीपालटी. इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅमवर युनिकोड मराठी लावणारा दुसरा माणूस शोधण्यात दोन आठवडे गेले.

पुस्तक पंचाहत्तरीच्या आदल्या संध्याकाळी आलं. स्कॅनर, स्टँड, काच मिळून खर्च सात हजारांच्या आसपास. टायपिंगच्या निम्म्याहून कमी. पण त्यात आम्हा तिघांचे सत्तरेक तास धरलेले नाहीत. ते धरले तर स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही. टायपिंगलाही मुद्रितशोधन लागलंच असतं, हे खरं. तरी निम्मा वेळ वाचला असता. इथे वह्या घराबाहेर जाऊ द्यायच्या नव्हत्या, म्हणून हा हिशेब जमला.

काय वेगळं करता आलं असतं

छापखान्याला फोन जूनमध्ये करायला हवा होता, स्कॅनरच्याही आधी. मजकूर शेवटी कुठल्या प्रोग्रॅममध्ये जाणार हे माहीत नसताना आम्ही सुरुवात केली, आणि मी मुद्रणाच्या धंद्यातली असून मला ते सुचू नये याची लाज वाटते.

खरेदीबद्दल आजही मला खात्री नाही. प्रिंटरमध्ये शाई भरून ६८ कात्रणं दोन रविवारांत उरकली असती. वह्यांतली तर मोबाइलनेच केली. स्कॅनर आता मनीषाच्या घरी सोसायटीच्या कामाला येतो, पण या कामासाठी तो हवाच होता असं नाही. स्टँड, काच आणि काळा कागद मात्र हवेच होते.

फायलींना स्कॅनरने दिलेली नावंच राहू दिली, तीही चूक. स्कॅन-शून्य-शून्य-सदतीस म्हणजे कुठलं कात्रण, हे शोधण्यात सप्टेंबरमध्ये दोन रात्री गेल्या. तारीख आणि लेखाचं नाव सुरुवातीलाच घातलं असतं तर अनुक्रम आपोआप लागला असता.

मोडीतल्या वहीला आम्ही ओसीआर लावलं नाही. मराठीसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळते, मोडी नाही. ती वही रंगीत, ४०० डीपीआयला स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवली आहे, वाचणारं कुणी भेटेपर्यंत.

आणि किटलीची वाफ. पुस्तकात त्या लेखात तीन ओळींच्या जागी टिंबं आहेत, खाली कंसात "कात्रण फाटले". त्या ओळींत काय होतं, हे अण्णा भेटायला येणाऱ्याला आवर्जून सांगतात. मी आतापर्यंत चार वेळा ऐकलंय, चारही वेळा वेगळं.